घर हीच अपूर्णांकांची पहिली शाळा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पाठशाळेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना पालकांपुढे दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजतो. वास्तविक मी शिक्षक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे सारे आयुष्य दुकानाच्या गादीवर कापड मोजण्यात गेले. त्यामुळे शिक्षणाविषयी विद्वत्तापूर्ण विवेचन माझ्याकडून होणार नाही. लहान मुलांना घरी अपूर्णांक कसे शिकवावेत, या एका छोट्याशा विषयात माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक आणि ती सुधारताना मला जे शिकायला मिळाले, तेवढेच आपणापुढे मांडतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नात तेव्हा तिसरीत होती. एके संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याजवळ बसली. प्रश्न होता, १/३ आणि १/४ यांपैकी मोठा कोणता? तिने १/४ वर खूण केली होती. मी म्हणालो, "चूक." ती म्हणाली, "दादाजी, चार तीनापेक्षा मोठे असतात ना?" मी पुन्हा नियम सांगितला. तिने पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. घरी पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर मी बोलून गेलो, "व्यापाऱ्याच्या घरात जन्मलीस आणि एवढे कळत नाही?" तिने काही न बोलता वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून तिचे दप्तर माझ्या खोलीत येईनासे झाले. आठ-दहा दिवसांनी सूनबाईंनी सांगितले, "बाबूजी, गणिताचा तास असला की ती पोटात दुखते म्हणते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे सारे मी पूर्वीही एकदा केले होते. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, लहान असताना त्यालाही मी याच स्वरात शिकवले होते आणि चारचौघांत 'ढ' म्हटले होते. आज तो दुकान उत्तम सांभाळतो, गिऱ्हाईक जोडतो. पण हिशेबाची वही समोर आली की मुनीमजींकडे सरकवतो. ही त्याची सवय आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्या रात्री प्रथमच वाटले, ती सवय मीच लावली नसेल ना?

थोड्याच दिवसांत पर्युषण आले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मी रिवाजाप्रमाणे सर्वांना खमावले आणि शेवटी नातीसमोर हात जोडले. तिने विचारले, "कशाबद्दल, दादाजी?" मी म्हणालो, "गणिताबद्दल." ती क्षणभर थांबून म्हणाली, "मग आता रागावणार नाही ना?" बंधू-भगिनींनो, शेकडो लोकांना आपण 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, पण असा उलट प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी शब्द दिला. पुढचे सर्व त्या शब्दातून निघाले.

प्रथम मी तिच्या चुकीचा विचार केला. ती मूर्खपणाची होती काय? मुळीच नव्हे. तोवर तिला भेटलेल्या सर्व संख्यांमध्ये चार हे तीनापेक्षा मोठेच होते. शिकवलेले तिने प्रामाणिकपणे वापरले होते. दोष असेल तर तो माझा, कारण माझ्याकडे नियम होता, पण तो समजावणारी वस्तू नव्हती.

म्हणून मी आठ दिवस पेन्सिलच हाती घेतली नाही. नाश्त्याला थेपला आला की विचारायचे, "हा तिघांत वाटला तर तुला जास्त मिळेल, की चौघांत वाटला तर?" ती हसून म्हणाली, "तिघांत!" कधी पाच जण, कधी सहा जण असे वाटे होत गेले. चौथ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो." जो नियम मी ओरडून सांगत होतो, तो तिने शांतपणे मला सांगितला. मग मी एवढेच म्हणालो, की रेषेखालचा अंक, ज्याला शाळेत 'छेद' म्हणतात, तो एकूण वाटे सांगतो आणि वरचा 'अंश' त्यांतले किती घेतले ते सांगतो. १/३ आणि १/४ यांचा उलगडा तिचा तिनेच केला.

एक दिवस थेपल्याऐवजी खाखरा होता. तो हाताने मोडला, तर चार तुकडे झाले, पण लहानमोठे. नातीने सर्वांत मोठा उचलला आणि म्हणाली, "हा माझा पाव." मी विचारले, "चौघांनाही हा वाटा मान्य होईल का?" तिने तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले आणि स्वतःच नकार दिला. चार तुकडे केले म्हणजे पाव होत नाही, चार समान तुकडे केले तरच होतो. अपूर्णांकाच्या मुळाशी न्याय्य वाटप आहे, हे मलाही तेव्हाच उमगले.

दुसरी गोष्ट शब्दांची. माझ्या वडिलांनी मला दुकानात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ करून घेतली होती. औट म्हणजे साडेतीन. आज आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना १.२५ वाचता येते, पण 'सव्वा' म्हटले की ती आपल्याकडे पाहत राहतात. मुलांना पुन्हा औटकी पाठ करायला लावा, असे मी म्हणणार नाही. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात रोज कानावर पडावेत. दुकानात पॅन्टपीस सव्वा मीटर फाडतो, तेव्हा १ १/४, १.२५, १२५ सेंटीमीटर आणि 'सव्वा' ही एकाच लांबीची चार नावे असतात. हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले, की पुढे दशांश अपूर्णांकांचे भय उरत नाही. रुपयाचे सोळा आणे १९५७ साली व्यवहाराच्या हिशेबातून गेले, २५ पैशांचे नाणेही २०११ साली बंद झाले; तरीही आपण 'बारा आणे काम झाले' म्हणतो. तेव्हा मुलाला विचारावे, "म्हणजे किती झाले आणि किती राहिले?"

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायातली. मीटर आले तरी साडीच्या बाबतीत आपण अजून 'वार' म्हणतो. एक वार म्हणजे ३६ इंच. मी एक वार लांबीची, चार बोटे रुंदीची सुती पट्टी फाडून नातीला दिली आणि सोबत शिंप्याची टेप दिली. पट्टी दुमडली, अर्धे झाले. पुन्हा दुमडली, पाव झाले. उलगडून पाहिले तर अर्ध्याची घडी जिथल्या तिथेच होती, पण आता तिच्या अलीकडे दोन पाव दिसत होते. म्हणजे १/२ आणि २/४ ही एकाच जागेची दोन नावे. तीन समान भाग दुमडायला तिला बराच वेळ लागला. मी मध्ये हात घातला नाही. आपण पालक इथेच चुकतो. मुलाच्या हातातली घडी आपणच घालून देतो.

मग टेप लावली. अर्धा वार १८ इंच, तिसरा भाग १२ इंच, पाव ९ इंच, सहावा भाग ६ इंच. मी विचारले, "अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती?" तिने अनेक मुले लिहितात तसे वर वर मिळवून आणि खाली खाली मिळवून २/५ लिहिले. या वेळी मी 'चूक' म्हणालो नाही. "पट्टीवर दाखव," एवढेच म्हणालो. १८ आणि १२ मिळून ३० इंच झाले. मग वाराचे पाच समान भाग करून त्यांतले दोन मोजले, तर ते साडेचौदा इंचांनाही किंचित कमी भरले. ती चकित होऊन म्हणाली, "दादाजी, हे तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे! अर्ध्यात आणखी मिळवल्यावर कमी कसे होईल?" आपल्या उत्तरातली चूक तिने स्वतः पकडली. ३० इंच म्हणजे सहा-सहा इंचांचे पाच भाग, म्हणून उत्तर ५/६. छेद समान का करावे लागतात, याचे कारण मला बी.कॉम. होईपर्यंत कोणी दाखवले नव्हते. दोन्ही कापडे एकाच मापाने मोजल्याशिवाय बेरीज होत नाही, एवढेच ते कारण आहे.

आता आपल्या धर्मपरंपरेकडे वळतो, कारण पाठशाळेत येणारी मुले अपूर्णांक रोज उच्चारतात, फक्त आपण ते त्यांना दाखवत नाही. पोरिसी म्हणजे दिवसाचा पाव भाग, साढपोरिसी म्हणजे दीड प्रहर, पुरिमड्ढ म्हणजे अर्धा दिवस आणि अवड्ढ म्हणजे पाऊण दिवस. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला असेल, तर पोरिसी नऊला येते, साढपोरिसी साडेदहाला, पुरिमड्ढ बाराला आणि अवड्ढ तीनला. परंतु हिवाळ्यात सूर्य सुमारे सातला उगवून सहाला मावळतो, तेव्हा दिवसच अकरा तासांचा असतो आणि त्याचा पाव पावणेतीन तासांचा. म्हणजे पोरिसी पावणेदहाला. उन्हाळ्यात तेरा तासांच्या दिवसाचा पाव सव्वातीन तासांचा होतो. पाव तोच, पण कशाचा पाव हे बदलले. 'कशाचा?' हा प्रश्न मुलाने प्रत्येक अपूर्णांकाला विचारावा, यासाठी पंचांग आणि घड्याळ याहून चांगले साधन नाही.

ऊणोदरी तपाचेही तसेच. आगमांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा मानला आहे आणि त्याहून कमी घेण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : ८ कवळ, १२ कवळ, १६ कवळ, २४ कवळ आणि केवळ एक कमी म्हणजे ३१ कवळ. नातीपुढे मी ३२ चिंचोके ठेवले. ८ म्हणजे पाव, १६ म्हणजे अर्धे, २४ म्हणजे पाऊण, हे तिने पटकन सांगितले. १२ कवळांशी ती अडली, मग चार-चारांचे ढीग करून म्हणाली, "आठांतले तीन." ३/८! (हा प्रयोग चिंचोक्यांवरच करावा, वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटावर नव्हे.)

आणखी एक अभिमानाची गोष्ट. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यात अपूर्णांकांसाठी 'कलासवर्ण' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. समान छेदासाठी लागणाऱ्या लघुतम साधारण विभाज्याला त्यांनी 'निरुद्ध' म्हटले आहे. हा ग्रंथ १९१२ साली मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह आणि १९६३ साली आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाकडून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. अंश एक असलेले अनेक अपूर्णांक मिळवून पूर्ण एक कसा करावा, याची रीत त्यात आहे. त्या रीतीने चार भाग असे येतात : १/२, १/३, १/९ आणि १/१८. घरी जाऊन वाराच्या पट्टीवर मोजून पाहा. १८ इंच, १२ इंच, ४ इंच आणि २ इंच. बेरीज बरोबर ३६. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांचे गणित नातीच्या हातातल्या सुती पट्टीवर तंतोतंत उतरले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

पालकांना माझी नम्र विनंती एवढीच. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मूल कंटाळले की थांबावे. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये. उत्तर चुकले तर 'हे तू कसे काढलेस?' असे आधी विचारावे. त्या उत्तरात बहुतेक वेळा काहीतरी शहाणपण दडलेले असते. आणि राग आला तर उठून पाणी प्यावे. क्रोध हा कषाय आहे, हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. गणित शिकवताना त्याची परीक्षा मात्र आपली असते.

माझी नात आज वर्गात पहिली आलेली नाही. तिच्या चुका अजून होतात. पण तिचे दप्तर पुन्हा माझ्या खोलीत येऊ लागले आहे. एका संध्याकाळी आम्ही पट्टी मोजत असताना तिचे वडील दुकानातून आले आणि काही न बोलता आमच्याजवळ बसले. थोड्या वेळाने त्यांनी पट्टी हातात घेतली, तिचे तीन भाग दुमडले आणि म्हणाले, "बाबूजी, हे असे तेव्हा कोणी दाखवले असते तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. त्या दिवशी संवत्सरी नव्हती, तरी मी त्यांनाही खमावले.

आज माझ्या दुकानातील कटपीसमधून एकेक वाराच्या पट्ट्या फाडून आणल्या आहेत. बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक पालकाने जाताना एक अवश्य न्यावी. सुवर्णमहोत्सवानिमित्त ती माझी अल्पशी प्रभावना समजावी.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!