शर्यतीच्या खेळातले खरेपण

शर्यतीच्या व्हिडिओ गेमची जाहिरात बहुधा गाड्यांच्या आकड्यापासून सुरू होते. डिसेंबर 2004 मध्ये जपानात आलेल्या प्लेस्टेशनच्या ‘ग्रॅन तुरिस्मो 4’मध्ये त्या सातशेच्या घरात होत्या. पुढच्या वर्षी एक्सबॉक्सवर ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आला, तो दोनशेहून थोड्याच अधिक गाड्या घेऊन. आकड्यावर निकाल लावायचा, तर सामना तिथेच संपला. मला तो निकाल मान्य नाही.

दोन्ही खेळांत जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक आहे. जंगलातून चढत-उतरत जाणारा, सुमारे 21 किलोमीटरचा. ‘ग्रॅन तुरिस्मो’त वळणावर वेग आवरला नाही, तर गाडी कठड्यावर आदळते आणि तशीच पुढे निघते. ना पत्रा चेमटत, ना इंजिन कुरकुरत. शेजारच्या गाडीवर रेलून वळण काढले तरी चालते, वर वेळही वाचतो! ‘फोर्झा’त नुकसानीचा पूर्ण पर्याय निवडला, की तीच धडक महागात पडते. चाकांची अलाइनमेंट बिघडते, गाडी एका बाजूला ओढू लागते, इंजिनाची ताकद उतरते आणि दुरुस्तीचे पैसे बक्षिसातून कापले जातात. त्यामुळे पुढच्या वेळी पाय आपोआप वेळेवर ब्रेकवर जातो. ही धास्ती नसेल, तर ती शर्यत मला खरी वाटत नाही.

मात्र मोकळ्या ट्रॅकवर एकट्यानेच, घड्याळाशी झुंजायचे असेल, तर मी काझुनोरी यामाउची यांनी घडवलेला ‘ग्रॅन तुरिस्मो’च लावेन. त्याच्या जोडीला निघालेले लॉजिटेकचे स्टीअरिंग खऱ्या मोटारीसारखे अडीच फेरे फिरायचे आणि रस्त्याचा जोर तळहातांना कळायचा. शिवाय 1886 ची बेंझची तीनचाकीही त्यात चालवायला मिळते. मोटारीवर इतका जीव असलेला दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

म्हणूनच 2010 च्या ‘ग्रॅन तुरिस्मो 5’बद्दल हळहळ वाटते. त्यात अखेर गाड्यांचे नुकसान होऊ लागले आणि त्यांची संख्या हजारावर गेली. पण त्यांतल्या सुमारे आठशे मागच्या खेळांतून उचललेल्या. खेळ बाजारात आला तेव्हा त्यांत चालकाच्या जागेवरून दिसणारा डॅशबोर्डही नव्हता. त्याऐवजी तीनशेच गाड्या आतून-बाहेरून मन लावून घडवल्या असत्या, तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या.