गाडीचा आरसा आणि आपला हात
(महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर आपण बोललो, पोटगीवर बोललो, रेशनकार्डावर बोललो. आज मी गाडीच्या बाजूच्या आरशावर बोलणार आहे. तो फुटला तर घरच्या घरी कसा बदलायचा, एवढंच.

काहीजणी हसताहेत. हसा, पण आपले रस्ते डोळ्यांपुढे आणा. कारखान्यांचा हंगाम लागला की केज, माजलगावकडे एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मध्येच बैलगाड्या. अरुंद रस्त्यावर ऊस घासून गेला की आरसा गेलाच. आपल्या गटाची गाडी रात्री कधी बाळंतीण नेते, कधी मारून घराबाहेर काढलेली बाई. मागचं दिसत नसताना अंधारात ती काढायची कशी? आरसा फुटला की गाडी उभी, आणि गाडी उभी की बाई अडकली.

मागच्या हंगामात आपला आरसा फुटला, तेव्हा मी गाडी गॅरेजवर नेली. मेस्त्री म्हणाला, "घरातलं कुणी माणूस पाठवा ताई, त्यांना समजावून सांगतो." गाडी मी चालवते, पैसे गट देतो, आणि समजावायचं मात्र पुरुषाला! गाडी चार दिवस तिथंच राहिली. काम होतं अर्ध्या तासाचं.

तर ते काम असं. आधी नुसती काच फुटली आहे की सगळा आरसाच मोडला आहे, ते बघा. दुकानात गाडीचं मॉडेल, साल आणि डावा की उजवा, हे सांगा. जमल्यास जुना आरसा सोबत न्या.

जुन्या जीपसारख्या गाडीला आरसा लोखंडी दांडीवर असतो. नट पान्यानं सैल करायचा, नवा बसवून आवळायचा. बऱ्याच कारमध्ये दाराच्या आतून, आरशाच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकचं तिकोनी झाकण असतं. पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून ते हलकेच उचकटा. आत बहुधा तीन स्क्रू किंवा नट दिसतील. खालच्या फटीत चिंधी कोंबा, म्हणजे स्क्रू दारात पडणार नाही. शेवटचा स्क्रू काढताना दुसरीनं बाहेरून आरसा धरायचा. वायर असेल तर वायर ओढू नका, तिचं टोपण दाबून सोडवा. नवा आरसा बसवताना सगळे स्क्रू आधी हातानं लावा, मग पेचकस. घाईनं तिरपे आवळले तर आटे जातात.

नुसती काच बदलायची असेल तर जाड हातमोजे घाला, फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावा, मगच ती काढा. शेवटी सीटवर बसून आरसा लावून घ्या. आपल्या गाडीची जेमतेम कड दिसावी, बाकी सगळा रस्ता. डावी काच बहुधा किंचित फुगीर असते. तीत रस्ता जास्त दिसतो, पण मागची गाडी आहे त्याहून लांब भासते. हे ध्यानात ठेवा.

गाडी आणि यंत्र हे बायकांचं काम नाही, असं आपल्याला शिकवलं जातं. डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडमधली बाई मोटारींच्या शर्यतीत उतरायची. १९०९ साली तिनं बायकांसाठी 'द वुमन अँड द कार' हे पुस्तक लिहिलं. गाड्यांना असे आरसे बसवायची पद्धत नव्हती, तेव्हा तिनं सांगितलं की गाडीत हातातला आरसा ठेवा आणि मधूनमधून वर धरून मागचा रस्ता बघा. इतकं लांब कशाला, आपल्या शेजारच्या परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागल्या.

आणि आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना अवजार नवं आहे का? ऊसतोडीला जाणारी बाई दिवसभर राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. तरी नवरा-बायको मिळून धरतात 'एक कोयता', आणि उचल बहुधा पडते पुरुषाच्या हातात. कष्ट दोघांचे, बोलणं एकाशी. मुकादम असो की मेस्त्री, दोघांनाही 'घरातलं माणूस' म्हणजे पुरुषच दिसतो. आरसा बदलून हे सगळं बदलणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या वस्तूवर आपला जीव अवलंबून आहे, ती उघडून बघायचा हक्क कुणाकडे मागायचा नसतो.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटानं एक पेचकस, पान्यांचा एक संच, हातमोजे आणि चिकटपट्टी यांची पेटी करावी. ती गाडीतच राहील, कुणाच्या घरी नाही. गाडी शिकणारीनं पहिल्या महिन्यात एकदा आरसा काढून परत बसवावा. आपली गाडी बाहेर उभी आहे. बोलणं पुरे, चला, पहिली कोण येते?