दर्जा सुरुवातीपासून



राळेगाव म्हटलं की कापूस आला.
कापूस आला की जिनिंगही आलं.

आज बोलू या दर्जाबद्दल.

अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग 1950 साली जपानला गेले.
तिथल्या कारखानदारांना त्यांनी सांगितलं,
माल तयार झाल्यावर तपासून दर्जा येत नाही.
तो सुरुवातीपासून घडवावा लागतो.

आता आपलं जिनिंग पाहा.
कापसात प्लॅस्टिकच्या पोत्याचा एक धागा आला.
रेच्यात सरकी वेगळी होते.
धागा मात्र तुकडे होऊन रुईत पसरतो.
गठाण बांधली, की तो दिसतच नाही.
दिसतो तो थेट कापडात.
कापड रंगवलं, तरी त्या धाग्यावर रंग चढत नाही.

मग दोष कुणाचा?
बोलणी बसतात मजुराला.
हे मला मुळीच पटत नाही.
डेमिंग म्हणत, बहुतेक दोष माणसाचे नसतात,
कामाच्या पद्धतीचे असतात.

वेचणाऱ्या बाईला सुती झोळी दिली का?
कचरा निवडणारीला पुरेसा उजेड आहे का?
आणि धागा दिसला,
तर काम थांबवायची मुभा तिला आहे का?

टोयोटाच्या कारखान्यात ती मुभा साध्या कामगाराला असते.
तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो.
साहेब धावत येतात,
रागवायला नाही, मदतीला.

पुन्हा सांगते.
दर्जा शेवटी तपासून येत नाही,
सुरुवातीपासून घडवावा लागतो.


तेव्हा वेचणी सुरू होण्याआधी
मालक, मुकादम आणि मजूर, एकत्र बसा.
धागा नेमका कुठून येतो,
हे वेचणाऱ्या बाईला आधी विचारा.