पाटी, पत्ता आणि इमान
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीससाहेब आमंत्रण घेऊन माझ्या घरी आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "मी एस.एस.सी.पर्यंत शिकलेला खानावळवाला. शिकलेल्या मुलांना मी काय सांगणार?" ते हसून म्हणाले, "धंद्यात तुमचे जे पैसे बुडाले ते सांगा. तेवढे पुष्कळ आहे." तेव्हा आज मी माझ्या बुडालेल्या पैशांबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे किनाऱ्यावर छोटे-मोठे धंदे आहेत. कोणी खानावळ चालवतो, कोणी दोन खोल्या भाड्याने देतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी कोकम, सुपारी आणि मसाले विकतो. माझ्या चुकांमुळे त्यांचे चार पैसे वाचले तर माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

१९९० साली ऑगस्ट महिन्यात इराकने कुवेतवर चाल केली, तेव्हा मी तेथे नोकरीस होतो. हजारो भारतीयांबरोबर अम्मानमार्गे विमानाने मुंबईस पोहोचलो. हातात एक बॅग आणि बँकेत थोडीफार शिल्लक होती. परत परदेशी जायचे नाही असे ठरवून मुरूडहून राजपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत घराच्या पडवीत खानावळ काढली. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिरा किल्ल्याकडे जातात. किल्ला पाहून आलेला माणूस भुकेला असणारच, तो आपल्याकडेच येईल, असा माझा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. भुकेल्या माणसाला आपण दिसलो तर पाहिजे!

मग मी पहिली मोठी चूक केली. हमरस्त्यावर, गावापासून कितीतरी मैल दूर, लोखंडी सांगाड्यावर भला मोठा फलक उभारला. जागेचे भाडे, रंगारी, लोखंड, मजुरी धरून जवळजवळ साठ हजार रुपये गेले. फलकावर किल्ल्याचे सुंदर चित्र आणि खाली खानावळीचे नाव. आत काय मिळते, केवढ्याला मिळते, येथून किती अंतरावर आहे, यातले एक अक्षरही नव्हते. लोकांनी चित्र पाहिले आणि मोटारी पुढे निघून गेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याने फलक आडवा केला, आणि तो उचलून आणण्याचे भाडेही मलाच भरावे लागले.

त्या दिवशी माझ्या पत्नीने एक प्रश्न विचारला. "आपण चौघे मोटारीतून परगावी गेलो, तर जेवायला कोठे थांबू?" मी म्हटले, "जेथे चांगले जेवण मिळेल तेथे." ती म्हणाली, "तुम्ही थांबाल. मी आणि मुली, जेथे स्वच्छ शौचालय असेल तेथे थांबू." मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी शाळेत असतो तसा एक काळा फळा आणला आणि दारासमोर टांगला. त्यावर खडूने लिहिले: आजची मासळी, तांदळाची भाकरी, थाळीची किंमत, जेवणाची वेळ, शाकाहारी जेवण मिळेल, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय आहे. साठ हजारांच्या फलकाने जे केले नाही ते त्या फळ्याने पंधरा दिवसांत केले. त्यातून मला एवढे उमगले की पर्यटकाच्या मनात जे प्रश्न असतात त्यांची खरी उत्तरे त्याच्या डोळ्यांसमोर ठेवणे हीच जाहिरात होय.

आता काही गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पत्त्याची. आपल्या महाराष्ट्रात मुरूड एक नाही. एक आपले जंजिऱ्याचे मुरूड, दुसरे दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे गाव, आणि तिसरे लातूर जिल्ह्यातले. आपली राजपुरी वेगळी आणि रत्नागिरी जिल्ह्यातले राजापूर वेगळे. नुसते "मुरूड" लिहिले तर परगावच्या माणसाचा घोटाळा होणारच. आता मोबाईलमधल्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट करता येते. आमचीही झाली, पण खूण पडली खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला! एक संपूर्ण दिवाळीचा हंगाम गिऱ्हाईक आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहून फोन करीत होते, "आता काय जंगलजेटीने पलीकडे जायचे?" चूक कोणाची? माझीच. नोंद केली आणि पुन्हा तपासली नाही. म्हणून सांगतो, नोंद झाल्यावर परक्या माणसाच्या फोनवर ती उघडून, त्या खुणेच्या मागे स्वतः चालत जाऊन पाहावे. फोन नंबर, सुट्टीचा दिवस आणि उघडण्याची वेळ हंगामाप्रमाणे बदलावी.

दुसरी गोष्ट किमतीची. किंमत लपवणारा दुकानदार पर्यटकाला लुटारू वाटतो, मग तो कितीही सज्जन असो. पाटीवर भाव लिहावा आणि गर्दीच्या दिवशी तोच भाव घ्यावा. डिसेंबरच्या अखेरीस दुप्पट भाव घेऊन मिळालेले पैसे जानेवारीत परत जातात, कारण ते कुटुंब पुन्हा येत नाही आणि आपल्या इमारतीतल्या दहा कुटुंबांनाही येऊ देत नाही.

तिसरी गोष्ट दलालीची. ऑनलाइन खोल्या भरून देणाऱ्या कंपन्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही. नव्या माणसाला त्यांच्यामुळे पहिले गिऱ्हाईक मिळते. पण हिशेब मांडायला शिका. समजा, तुमच्या चार खोल्या आहेत, भाडे दीड हजार, आणि वर्षात चाळीस रात्री चारही खोल्या भरल्या. एकूण दोन लाख चाळीस हजार झाले. दलाली शेकडा वीस धरली तर अठ्ठेचाळीस हजार गेले. एका मुलाच्या वसतिगृहाला त्यातून केवढा हातभार लागला असता! पहिल्या वेळी पाहुणा कंपनीकडून येऊ द्या. पण त्याची सेवा अशी करा की दुसऱ्या वेळी तो सरळ तुम्हालाच फोन करील.

त्यासाठी मी एक वही ठेवली आहे. पाहुण्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन, नाव, फोन आणि एखादी आठवण लिहितो. "आजीबाईंना तिखट चालत नाही." "मुलाला किल्ल्यावरची कलाल बांगडी तोफ फार आवडली." वर्षातून दोनदाच निरोप पाठवतो. एकदा पावसाळा संपून किल्ल्याच्या होड्या सुरू झाल्या की, आणि एकदा मे महिन्याच्या सुट्टीआधी. रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवणाऱ्याचा निरोप कोणी वाचत नाही.

चौथी गोष्ट शेजाऱ्याची. होडीवाला, रिक्षावाला, खानावळवाला, खोलीवाला आणि सुपारीवाला, हे पाच जण एकमेकांची पाटी आपल्या दारात लावतील तर पाच दुकानांची जाहिरात एका दुकानाच्या खर्चात होते. आम्ही आमच्या वाडीत तसे केले आहे. त्यात सर्व समाजांचे लोक आहेत. अट एकच, कोणी कोणाकडून दलाली घ्यायची नाही, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आली त्याला बाकीच्या चौघांनी तोंडावर सांगायचे.

पाचवी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. एका जून महिन्यात मी बर्फातली सुरमई वाढली आणि फळ्यावरचा "ताजी मासळी" हा शब्द पुसला नाही. पुण्याच्या एका पाहुण्याने सर्वांना दिसेल असे मोबाईलवर लिहिले: जेवण ठीक, पण मालक खोटे बोलतो. मला राग अनावर झाला. त्याच आठवड्यात एक तरुण आला आणि म्हणाला, "चाचा, दोन हजार द्या. पन्नास चांगले शेरे टाकून देतो. त्याचा शेरा खाली दबून जाईल." मी पाकीट काढले होते. तेव्हा माझी मुलगी याच संस्थेच्या शाळेत दहावीत शिकत होती. ती म्हणाली, "अब्बा, तो खोटे लिहितो आहे का?" मी उत्तर देऊ शकलो नाही. पन्नास खोटी माणसे विकत घेऊन एका खऱ्या माणसाला गप्प बसवायचे, हा धंदा नव्हे. शिवाय विकत घेतलेले शेरे त्या नकाशा-कंपनीच्या नियमांतही बसत नाहीत. तिने माझ्या वतीने दोन ओळी लिहिल्या: "आपले म्हणणे बरोबर आहे. चूक झाली. आजपासून फळा बदलला आहे." आणि फळ्यावर लिहिले: या दोन महिन्यांत बर्फातील मासळी आणि सुकी मासळी मिळेल. जूनमध्ये गिऱ्हाईक तुटेल असे मला वाटले होते. उलट, सुक्या बोंबलाची चटणी मुद्दाम विचारत लोक येऊ लागले.

आणि मग ३ जून २०२० चा दिवस उजाडला. निसर्ग चक्रीवादळाने आपल्या रायगडच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याचे काय केले ते आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. माझ्या पडवीचे छप्पर गेले. टाळेबंदीमुळे गिऱ्हाईक आधीच नव्हते. मी पुन्हा परदेशाचा विचार करू लागलो, त्या वयात! त्या वेळी घरात दोनच वस्तू कोरड्या राहिल्या होत्या, शाळेचे दाखले आणि ती वही. मुलीने वहीतल्या लोकांना खरी हकिकत कळवली. मदत मागितली नाही. पत्नीने केलेला मसाला, कोकम आणि लोणचे घरपोच पाठवू, एवढेच लिहिले. मागण्या येत गेल्या. त्या पैशांवर छप्पर चढले. आणि पहिली मागणी कोणाची होती? पुण्याच्या त्याच पाहुण्याची.

पालक बंधुभगिनींनो, राज्य शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, तशीच स्त्रियांनी चालवलेल्या पर्यटन व्यवसायांसाठी २०२३ चे "आई" धोरण आहे. त्यांची माहिती मुलींना काढू द्या. मोबाईल मुलीच्या हातात दिला म्हणजे ती बिघडते, अशी भीती पुष्कळांना वाटते. माझ्या घरात मोबाईल मुलीच्या हातात होता म्हणून बाप बिघडला नाही, एवढे मी आपल्याला सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या वाडीतले एक दुकान निवडावे. मालकाजवळ बसून त्याची नकाशावरची नोंद तपासावी. पत्ता, वेळ आणि भाव मराठी, हिंदी व इंग्रजीत शुद्ध लिहून द्यावा. दुकानाचे चार खरे फोटो काढावेत. याला पैसा लागत नाही, दोन तास लागतात. तुमचे व्याकरण, तुमचा भूगोल आणि तुमचा हिशेब, तिन्हींची परीक्षा त्यात होईल. एखाद्या खालाच्या मसाल्याला त्यामुळे चार गिऱ्हाईक मिळाले, तर तुमच्या शिक्षणाचा पहिला पगार तुम्हाला मिळाला असे समजा.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.