श्रद्धा घट्ट, दार मोकळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती. आपली श्रद्धा सांभाळून चौघींत मिळूनमिसळून कशा राहता, ते सांगा." मी सातवीपर्यंत शिकलेली, व्याख्यान देणे माझे काम नव्हे. पण हा प्रश्न रोजच्या उंबरठ्यावरचा आहे, म्हणून उभी राहिले.

जाते आता घरोघर राहिले नाही, पण आपण पुष्कळजणींनी ते पाहिले आहे. खालची तळी हलत नाही, वरची फिरते. दोन्ही घट्ट बसल्या तर पीठ पडत नाही, आणि दोन्ही फिरू लागल्या तरीही पडत नाही. धर्मातही हलवायचे नाही ते कोणते आणि फिरू द्यायचे ते कोणते, हे ओळखावे लागते.

आमच्या शास्त्रात पौलाची गोष्ट आहे. तीमथ्य नावाच्या तरुणाला त्याने बरोबर घेतले. त्याची आई यहुदी, बाप ग्रीक. तिकडच्या यहुदी लोकांना अडचण वाटू नये म्हणून पौलाने त्याची सुंता करविली. पण तीताच्या वेळी काहीजण सुंतेचा आग्रह धरू लागले, तेव्हा पौल तसूभर हटला नाही. माणूस तोच, रीतही तीच! मग फरक कशाचा? माणसे जवळ यावीत म्हणून तो वाकला. पण देवाची कृपा पुरेशी नाही, असे कोणी म्हणू लागताच ताठ उभा राहिला.

आपल्याकडचेच पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण आपला शाकाहार सोडला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र झाल्या नाहीत. पुढे त्या पतीपाशी परत आल्या, तरी त्यांचे सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच होता. टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही आणि पत्नीवर तो लादलाही नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. टिळकांनी भक्तिगीते रचली तीही आपल्या अभंग-भजनाच्या वळणावर. आमच्या देवळांत ती आजही गातात.

आता माझ्या घरचे सांगते. संक्रांतीला शेजारच्या वहिनी मला हळदीकुंकवाला बोलावतात. मी जाते. तिळगूळ घेते, वाण घेते, घटकाभर बसते. कुंकू मात्र लावून घेत नाही. पण हे मी चारचौघींत हात मागे सारून सांगितले नाही. पहिल्या वर्षी आदल्या दिवशीच त्यांच्याकडे जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, "मग फूल चालेल ना?" तेव्हापासून मला फूल मिळते. नाताळात त्या माझ्याकडे फराळाला येतात. त्या दिवशी एकादशी आली, तर मी उपासाचे वेगळे करते.

माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई, सगळ्यांशी जमवून घ्यायचे, तर मग आपले असे काय राहिले?" मी म्हटले, "प्रार्थना कोणाची करायची, खोटे बोलायचे नाही, शत्रूचेही बरे चिंतायचे, यांत मला कोणी हलवून दाखवावे!"

पण भगिनींनो, खरी कसोटी शेजारी नाही, घरातच असते. आमच्या जाऊबाईंना माझे हे जाणे-येणे पटत नाही. आज तिळगूळ घेतलास, उद्या आरतीला उभी राहशील, असे त्या म्हणतात. दोन नाताळ त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मनात येई, किती या कर्मठ! मग पौलाचेच सांगणे आठवले: जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. शेजारणीसाठी मन मोकळे आणि जावेसाठी बंद, तर तो मोकळेपणा कसला? त्यांची भीतीही श्रद्धेपोटीच आहे. म्हणून त्या आल्या नाहीत, तरी करंज्यांचे ताट घेऊन मीच जाते. अजून त्या आलेल्या नाहीत, पण ताट परत रिकामे येत नाही.

आपल्या मंडळात नाना घरच्या बायका आहेत. प्रत्येकीने आपली खालची तळी सांभाळावी आणि वरची फिरती ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.