बिऱ्हाड कोठे थाटावे?

(मराठवाड्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

भूमिवाटप, पाणीवाटप, विकासाचा अनुशेष असे भारदस्त विषय बाजूला ठेवून अभ्यासवर्गात घरभाड्याविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु माणूस नोकरीसाठी नव्या मुलखात जातो तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो राहायचे कोठे, हाच. या साध्या प्रश्नाचे जे उत्तर त्याला मिळते, त्यात आपल्या समाजातील जात, वर्ग आणि राज्यकर्त्यांची उदासीनता ही तिन्ही उमटलेली असतात. म्हणून आज मी नांदेड आणि लातूर या दोन शहरांच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार मांडणार आहे.

मराठवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाव सोडून जाणारी माणसे येतात. उसाच्या फडावर जाणारी कोयता-जोडपी, पुण्याला जाणारे तरुण, हैदराबादेत बांधकामावर राबणारे मजूर. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. या प्रदेशात येणारी माणसेही आहेत. नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, २००३ साली रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला. शिक्षक, परिचारिका, बँकेतील कारकून, अभियंते यांच्या नेमणुका येथे होत आल्या. लातूर १९८२ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि कचेऱ्यांबरोबर नोकरवर्ग आला. पुढे 'लातूर पॅटर्न'ची ख्याती झाली, तशी खेड्यापाड्यांतून मुले येऊ लागली. मुलाच्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी नवऱ्याला शेतावर ठेवून एका खोलीत चूल मांडणाऱ्या आया या शहरात गल्लोगल्ली दिसतात. इमारतींच्या बांधकामावर उत्तरेकडून आलेले गवंडी आणि सुतार आहेतच. ही सारी माणसे बिऱ्हाड शोधत असतात.

या शोधात त्यांना पहिला सल्ला मिळतो तो पाण्याचा. लातूरला घर पाहताना खोल्या मोजण्याआधी नळ किती दिवसांनी येतो आणि बोअरला पाणी आहे काय, हे विचारावे, असे जुना रहिवासी नव्याला सांगतो. हा सल्ला अनुभवाचा आहे. लातूर शहराची तहान मांजरा नदीवरील धनेगावच्या धरणावर भागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगे होतील या भीतीने मार्च महिन्यात जमावबंदी जारी करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. आगगाडीने पाणी आणले याचे देशभर कौतुक झाले. परंतु ज्या टापूत माणसांना घागरभर पाणी मिळत नाही, त्याच टापूत उसाचे क्षेत्र आणि साखर कारखाने वाढत कसे गेले, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

त्या दिवसांत ज्याच्या घरी खोल बोअर होते किंवा ज्याला टँकर विकत घेणे परवडत होते, त्याचे निभावले. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला रात्ररात्र घागरींच्या रांगेत बसावे लागले. म्हणजे पाणी हा घरभाड्याचाच एक भाग झाला. ज्याची मिळकत कमी, त्याला पाण्यावाचूनचे घर मिळते आणि मग तेच पाणी तो हंड्याच्या आणि जारच्या भावाने विकत घेतो. हिशोब केला तर लिटरमागे श्रीमंतापेक्षा गरीबच अधिक पैसे मोजतो. नांदेडची स्थिती वेगळी. तेथे गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. पण जी नदी पाणी देते तीच पावसाळ्यात काठावरच्या सखल वस्त्यांत शिरते, आणि त्या वस्त्यांत कोण राहतो हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा सल्ला भिंतीचा असला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशा घरांनी झोपेतली माणसे गाडली. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे पुनर्वसनाचे प्रचंड काम होते, त्यात अनेकांनी निष्ठेने श्रम केले, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तरी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. त्या गावांत घर किती मोठे मिळावे हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असणारा, त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्याला ७५०. निसर्गाने एका रात्रीत सर्वांना समान केले होते. सरकारने सातबारा पाहून पुन्हा पायऱ्या बांधल्या. सहा जणांचे भूमिहीन कुटुंब आणि तिघांचे बागाईतदार कुटुंब यांच्यात कोणाला अधिक जागा लागते, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नाही. राहण्याची जागा माणसाच्या गरजेवरून ठरावी की मालमत्तेवरून, हा समाजवादाचा मूळ प्रश्न आहे आणि तो किल्लारीच्या नव्या गावांच्या नकाशावर आजही वाचता येतो.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो. तिचा सल्ला कोणी उघड देत नाही. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांपैकी कोणता रस्ता नव्या माणसाला घरापर्यंत नेईल, हे मात्र पुष्कळदा त्याचे आडनाव ठरवते. घरमालक भाडे सांगण्यापूर्वी 'आपण कोणापैकी?' असे विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो, गावावरून झाला नाही तर खाण्याविषयी विचारतो. मग 'खोली कालच दिली' असे सौजन्याने सांगण्यात येते. मुसलमान शिक्षकाला त्याच्याच वस्तीत जाण्याचा सल्ला मिळतो, बौद्ध कारकुनाला त्याच्या वस्तीत, आणि एकट्या स्त्रीला कोठेच जागा नसते.

मराठवाड्यात या गोष्टीला एक रक्ताळलेला इतिहास आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर दलितांच्या वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. किती तरी कुटुंबांनी गाव सोडून शहराचा आश्रय घेतला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. गावातून ज्याला जाळून बाहेर काढले त्याला शहराने खोली नाकारली, तर त्याने जावे कोठे? डॉ. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ चालविली. पाणवठ्यावरचा भेद निदान डोळ्यांना दिसत असे. घरमालकाच्या उंबऱ्यावरचा भेद गोड शब्दांत होतो, त्याला साक्षीदार नसतो आणि कायद्याला तो सिद्ध करणे अवघड जाते. म्हणूनच त्याच्याशी झुंजण्याचे काम कार्यकर्त्यालाच करावे लागेल.

येथवर मी शहराविषयी बोललो. पण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गावाचा आहे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांची नेमणूक खेड्यात असते आणि बिऱ्हाड लातूर-नांदेडला किंवा तालुक्याच्या गावी असते. सकाळच्या गाडीने यावे, दुपारच्या गाडीने परतावे. या 'अप-डाऊन'ने खेड्याचे फार मोठे नुकसान केले आहे. गावात राहणारा शिक्षक संध्याकाळी वाचनालयात दिसे, ग्रामसभेत बोले, पाटलाच्या वाड्यासमोर न झुकणारा एक तरी सुशिक्षित माणूस गावात आहे, असा दुबळ्याला धीर असे. आज सूर्य मावळल्यावर खेड्यात सरकारचा एकही माणूस उरत नाही.

सरकारने यावर उपाय काय केला? मुख्यालयी राहण्याची सक्ती केली. २०१९ साली ग्रामविकास विभागाने कर्मचारी गावात राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. मग ठराव कागदावर होऊ लागले आणि गाड्या पूर्ववत भरून जाऊ लागल्या. २०२२ साली हा विषय विधानसभेत गाजला, शिक्षकांवर टीकेची झोड उठली, शिक्षकांनी मोर्चे काढले. दोन्ही बाजूंचा संताप समजण्यासारखा होता, पण घरांचा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो आपण विचारला पाहिजे. पवित्र पोर्टलवरून निवड झालेला एखादा तरुण दूरच्या जिल्ह्यातून किनवट तालुक्यातील शाळेवर येतो. पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक असतो. त्याचे मानधन २०२३ च्या जानेवारीपासून महिना सोळा हजार रुपये झाले, त्यापूर्वी ते सहा हजार होते. एवढ्या पैशांत त्याने गावाकडे आईवडिलांना काय पाठवावे आणि भाडे काय द्यावे? गावात भाड्याने देण्याजोगी पक्की खोली नाही, शौचालय नाही, त्याच्या जातीला जागा देणारा घरमालक नाही. शिक्षिका असेल तर अडचणी दुपटीने वाढतात. पुढे तो नियमित झाला तरी घरभाडे भत्ता नेमणुकीच्या ठिकाणाप्रमाणे, म्हणजे सर्वांत खालच्या दराने मिळणार आणि प्रत्यक्ष भाडे शहराचे भरावे लागणार. जे सरकार राहण्यासाठी एक खोली बांधत नाही, त्याला राहत नाहीस म्हणून दंड करण्याचा नैतिक अधिकार पोहोचत नाही.

तथापि, कर्मचाऱ्याची बाजू मांडताना आपण त्याला सर्वस्वी मोकळा सोडू नये. ज्याचे वेतन पूर्ण झाले, ज्याला गावात जागा मिळू शकते, त्यानेही केवळ मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी शहर गाठावे आणि ज्या शाळेत आपण शिकवतो ती आपल्या मुलांच्या योग्यतेची नाही, असा निर्वाळा दररोज सकाळच्या गाडीतून उतरताना द्यावा, हे शोभणारे नाही.

या भूमीत नोकरीसाठी आणि कामासाठी आलेल्या माणसांनी वेगळा आदर्शही घालून दिला आहे. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म विजापूरकडचा. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेला हा माणूस १९२९ साली हिप्परग्यासारख्या आडगावी राष्ट्रीय शाळेचा मुख्याध्यापक झाला, १९३५ साली अंबाजोगाईला आला. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व अशा शाळांच्या ओसरीवर घडले. नरहर कुरुंदकर वसमतजवळच्या कुरुंद्याचे. त्यांनी नांदेड हे कार्यक्षेत्र मानले आणि १९८२ साली मृत्यू येईपर्यंत पीपल्स कॉलेज सोडले नाही. त्यांच्या विद्वत्तेला पुण्या-मुंबईची दारे बंद नव्हती. त्यांना ऐकण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे मात्र नांदेडला येत राहिली. राहण्याची जागा निवडणे म्हणजे आपली माणसे निवडणे, हे या दोघांनी आचरणातून दाखविले.

आता आपण काय करायचे? मोठ्या घोषणा नकोत. चार कामे सांगतो.

पहिले, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आपल्या कार्यालयात भाड्याच्या खोल्यांची यादी ठेवा. ज्या घरमालकांनी जात-धर्म विचारणार नाही असा शब्द दिला आहे, त्यांचीच घरे त्या यादीत असावीत. सुरुवात आपल्या सहानुभूतीदारांच्या घरांपासून करा. ज्याच्या माडीवर 'सर्वांस खुले' म्हणण्याची तयारी नाही, त्याने व्यासपीठावरून समतेचे भाषण करू नये. नव्या माणसाला खोली नाकारली गेली, तर दोघे कार्यकर्ते त्याच्याबरोबर पुन्हा त्याच दारात जावोत. भांडण करू नका, फक्त कारण विचारा.

दुसरे, भाडेकराराचे शिक्षण द्या. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे एवढे वाक्य लातूरच्या खोल्यांत राहणाऱ्या प्रत्येक आईला माहीत झाले, तर अनामत रक्कम बुडविण्याचे प्रकार पुष्कळ कमी होतील.

तिसरे, ग्रामसभेत ठराव मांडा, पण खोट्या निवासाचा नको. शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांच्याजवळ कर्मचाऱ्यांसाठी पाणी आणि शौचालयासह निवासस्थाने बांधावीत, असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठपुरावा करा. मागणी गावाची असेल तर शिक्षक आणि ग्रामस्थ एकमेकांविरुद्ध उभे राहणार नाहीत.

चौथे, परप्रांतातून आलेल्या मजुराला विसरू नका. त्याचे रेशनकार्ड येथेही चालते, हे त्याला ठाऊक नसते. दुकानदार ते सांगत नाही, आपण सांगावे. पुण्यात किंवा हैदराबादेत आपल्या मराठवाड्याच्या मजुराला ज्या वागणुकीची आपण अपेक्षा करतो, ती आधी येथे आलेल्याला द्यावी लागेल.

साथींनो, गावाने नव्या माणसाला आपलेसे करावे आणि नव्या माणसाने गावाला, यासाठी क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, नव्या नेमणुकांची माणसे पिशव्या घेऊन नांदेडच्या स्थानकावर आणि लातूरच्या बसस्थानकावर उतरतील. त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न आडनावाचा असू नये, एवढी व्यवस्था तोपर्यंत आपल्याला करता येईल. यादी करण्याचे काम आज सायंकाळच्या बैठकीतच वाटून घ्यावे, अशी माझी सूचना आहे.