नवस गाडीत बसून बोला



रात्रीची लाईट आली की घरातलं माणूस उसाला पाणी द्यायला जातं आणि आपला जीव टांगणीला लागतो. भीती सापाची.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरच्या एका पोराला साप चावला. देवळात नेलं, अंगारा लावला. सकाळी पोरगं खेळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "देवानं चमत्कार केला." कॉलेजात शिकणारी माझी लेक म्हणाली, "आजी, निसर्गाचा नेम कुणासाठी मोडत नाही. साप बिनविषारी असणार." आमचे चुलत सासरे माळकरी. बेलवाडीचं रिंगण कधी चुकवत नाहीत. ते म्हणाले, "नेम मोडायचा कशाला? नेम त्याचाच आहे. एका डोळ्याच्या टिपरीतून उसाचं बेट उभं राहतं, हा काय लहान चमत्कार आहे?"

मला तात्यांचं पटलं. पण लेकीचा हिशेबही ऐका. आपल्याकडचे बरेचसे साप, धामण, दिवड, बिनविषारी. विषारी सापही कधी कधी चावतो, पण विष सोडत नाही. म्हणून अंगाऱ्यानं बरी झालेली माणसं पुष्कळ दिसतात. जो वाचला नाही, त्याची गोष्ट देवळात कोण सांगणार?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं मात्र अंगाऱ्याला जुमानत नाहीत. नाग आणि मण्यारीच्या विषानं श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखतही नाही. या चारही विषांवर एकच लस चालते. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, त्यातून ती करतात. घोड्याच्या रक्तातला उतारा माणसाला वाचवतो. आता याला निसर्ग म्हणा, विज्ञान म्हणा, नाहीतर देवाची करणी.

म्हणून साप चावला तर चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा, थेट सरकारी दवाखाना गाठा. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र घालणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आणि नवस? जरूर बोला. पण गाडीत बसल्यावर. सासूबाईंनाही हे पटलंय.